वीज गेली की सौरवीजही का थांबते?

छपरावर सौर पॅनेल असूनही वीज गेली की भर उन्हात शाळेचे पंखे थांबतात, याचे अनेकांना नवल वाटते. बॅटरी नसलेल्या संचात हा दोष नसून योजलेली दक्षता आहे. पॅनेलकडून येणाऱ्या एकदिश प्रवाहाचे इन्व्हर्टर ५० हर्ट्‌झच्या प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो व तो वाहिनीशी जुळवतो. वाहिनीचा पुरवठा खंडित होताच सुमारे २ सेकंदांच्या आत त्याने वीज सोडणे थांबविले पाहिजे. अन्यथा तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल.

रूपांतरात शेकडा दोन-तीन भाग ऊर्जा उष्णतेत जाते. ही उष्णता साचून तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास आतील इलेक्ट्रोलाइटिक धारित्रांचे आयुर्मान सुमारे निम्म्यावर येते. यास्तव इन्व्हर्टर सावलीत, हवेशीर भिंतीवर बसवावा आणि त्यावर धूळ साचू देऊ नये.