आउटबॅकला निघताय? तयारी पावसाची करा

मेलबर्न-सिडनीला मुलांकडे गेलेले आई-वडील हल्ली नुसतं शहर पाहून परतत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत तिथल्या शाळांना उन्हाळ्याची मोठी सुट्टी असते. गाडीवर तंबू, गॅसची शेगडी आणि पाण्याचे कॅन लादून सगळं कुटुंब आउटबॅकच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम अंतर्भागाच्या वाटेला लागतं. साठी ओलांडलेले आजी-आजोबाही सोबत असतात आणि त्यांच्यातल्या कित्येकांना मधुमेह किंवा रक्तदाब असतो. ‘डॉक्टर, आम्ही जावं का?’ असं ते विचारतात. जरूर जा. मात्र उन्हाची तयारी सगळेच करतात, तुम्ही पावसाचीही करा.

उत्तरेला डार्विन आणि किंबर्लीच्या भागात नोव्हेंबर ते एप्रिल चक्क पावसाळा असतो. मधला प्रदेश एरवी कोरडा ठणठणीत, पण पाऊस आला की चिकणमातीत चाकं रुततात आणि ऊडनाडाटा, बर्ड्सव्हिल यांसारखे कच्चे रस्ते वाहतुकीला बंद होतात. मार्च २०२५च्या अखेरीस पश्चिम क्वीन्सलँडमध्ये आलेल्या पुरानं अनेक ठिकाणी १९७४च्या पुराच्या पातळीलाही मागे टाकलं. कूपर क्रीक आणि डायमँटिना या नद्यांचं पाणी सपाट प्रदेशातून फार संथ सरकतं. त्यामुळे डोक्यावर निळं आभाळ असतानाही, दूर कुठेतरी काही आठवड्यांपूर्वी पडलेल्या पावसाचा पूर तुमची वाट अडवू शकतो.

वैद्यकीय दृष्टीनं यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. त्या भागात रुग्णापर्यंत विमानानं डॉक्टर पोहोचतो. रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांतून १९२८मध्ये क्लॉनकरी इथून सुरू झालेली ‘रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस’ हे काम आजही अतिशय निष्ठेनं करते. पण दुर्गम भागातल्या बऱ्याच धावपट्ट्या मातीच्या आहेत. त्या भिजल्या की विमान उतरत नाही. म्हणजे एकच पाऊस रस्ताही बंद करतो आणि आकाशातून येणारी मदतही. एरवी काही तासांत मिळणारे उपचार तेव्हा एखाद्या दिवसावर जाऊ शकतात. तुमच्या सगळ्या तयारीचा पाया हाच असायला हवा.

सुरुवात औषधांपासून करा. सहल आठ दिवसांची असेल तर औषधं सोळा दिवसांची घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा, म्हणजे एक भिजली तरी दुसरी हाताशी राहील. भारतातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथला औषधविक्रेता औषध देत नाही, तिथल्याच डॉक्टरची चिठ्ठी लागते. स्वतःच्या वापरासाठी तीन महिन्यांपर्यंतचा साठा नेता येतो. त्यासाठी औषधांची मूळ नावं लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. इन्सुलिन बंद गाडीत विसरू नका आणि बर्फाला थेट टेकवूनही ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. आणखी एक मुद्दा फार कमी जण विचारतात. वाटेत अडकून जेवण कमी पडलं किंवा जुलाब-उलट्या सुरू झाल्या, तर मधुमेहाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचं काय करायचं? काही थांबवाव्या लागतात, काहींचा डोस बदलावा लागतो, पण इन्सुलिन मनानं पूर्ण बंद करायचं नसतं. हे तुमच्या डॉक्टरांकडून निघण्याआधी कागदावर लिहून घ्या. साखर किंवा ग्लुकोजची पुडी कायम खिशात असू द्या.

मधुमेह्यांनी चिखलाची धास्ती घ्यायलाच हवी. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात एक जिवाणू राहतो, त्यापासून मेलिऑइडोसिस नावाचा आजार होतो. पावसाळ्यात हा जिवाणू मातीच्या वरच्या थरात येतो. पायाच्या भेगेतून, खरचटलेल्या जागेतून तो शरीरात शिरतो आणि वादळी पावसात श्वासावाटेही जाऊ शकतो. धडधाकट माणसाला तो सहसा त्रास देत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार आणि अतिमद्यपान असलेल्यांना मात्र न्यूमोनिया होतो, अवयवांत गळवं होतात, जंतुसंसर्ग रक्तात पसरून जीवही जाऊ शकतो. उपचारात किमान दोन आठवडे शिरेतून प्रतिजैविकं आणि त्यानंतर सुमारे तीन महिने गोळ्या द्याव्या लागतात. नेहमीची बरीच प्रतिजैविकं या जिवाणूवर चालत नाहीत. म्हणून कळकळीनं सांगतो: तंबूची खुंटी ठोकायला, चाक चिखलातून काढायला मधुमेही आजोबांनी उतरू नये. उतरावंच लागलं तर गमबूट आणि हातमोजे घाला. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून, बोटांच्या बेचक्यांसकट तपासा. प्यायचं पाणी उकळूनच घ्या.

पावसानंतर डास वाढतात. रॉस रिव्हर विषाणूच्या तापात सांधे आठवडेच काय, काही महिनेही दुखत राहू शकतात. मरे व्हॅली एन्सेफलायटिस हा मेंदूज्वर क्वचित होतो, पण फार गंभीर असतो. दोन्हींवर लस नाही. अंगभर कपडे, डीट किंवा पिकारिडिन असलेलं मलम आणि जाळी हेच उपाय.

पूर आला की सापही कोरडी जागा शोधत तंबूकडे येतात. साप चावला तर जागा धुऊ नका, कापू नका, दोरीनं आवळू नका. रुंद इलॅस्टिक पट्टी आधी दंशावर आणि मग बोटांपासून वर पूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळा. फळीचा आधार बांधा, रुग्णाला अजिबात चालू देऊ नका आणि ०००ला, म्हणजे तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा. मोबाइलची रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, म्हणून सॅटेलाइट फोन किंवा संकटाचा इशारा पाठवणारं आपत्कालीन बीकन भाड्यानं का होईना, घ्याच. पट्टीची ही पद्धत ऑस्ट्रेलियातल्या सापांसाठी आहे. आपल्याकडच्या घोणस-फुरशांच्या विषानं चावलेल्या जागीच मोठी इजा होते, त्यामुळे ती इथे सरसकट वापरू नये.

बाहेर पाऊस आणि गारठा असला की शेगडी तंबूत घेण्याचा मोह होतो. कृपा करून घेऊ नका. गॅसच्या शेगडीतून किंवा कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखतं, झोप येते आणि माणूस झोपेतच दगावतो. त्यापेक्षा त्या रात्री थंड जेवण चालेल.

वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. जेमतेम १५ सेंटिमीटर पाण्यातही छोटी गाडी तरंगू लागते. अडकलात तर उंच जागी गाडीपाशीच थांबा. आकाशातून शोधणाऱ्यांना गाडी पटकन दिसते, एकटा चालणारा माणूस दिसत नाही.

शेवटची विनंती परतल्यानंतरची. मेलिऑइडोसिसची लक्षणं बहुतेकदा संसर्गानंतर तीन आठवड्यांच्या आत दिसतात, क्वचित काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही. छातीच्या एक्स-रेमध्ये तो हुबेहूब क्षयरोगासारखा दिसू शकतो आणि आपल्याकडे पहिला संशय साहजिकच क्षयाचा येतो. पुण्या-मुंबईला आल्यावर ताप, खोकला किंवा न भरणारी जखम झाली, तर ‘मी पावसाळ्यात उत्तर ऑस्ट्रेलियात होतो, चिखलात वावरलो, मला मधुमेह आहे’ हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता आधी सांगा, आणि प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी रक्ताचं कल्चर करून घ्या.