टर्नर सिंड्रोम आणि छातीची वाढ

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. टर्नर सिंड्रोमचं निदान उशिरा झालं, हार्मोनच्या गोळ्या १६व्या वर्षी सुरू झाल्या. छाती अजून सपाटच वाटते. घरी लग्नाचं बघताहेत. डोस वाढवला तर फरक पडेल का?

उत्तर : टर्नरमध्ये दुसरं एक्स गुणसूत्र नसतं किंवा अपुरं असतं. अंडाशय लवकर निकामी होतात, म्हणून बहुतेकींना इस्ट्रोजेन बाहेरून द्यावं लागतं. ते ११-१२व्या वर्षी अगदी थोड्या मात्रेत सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवत नेतात. प्रोजेस्टेरॉन मागाहून. घाई केली तर आकार बिघडू शकतो. तुमचा तो काळ हुकला, यात तुमचा दोष काहीच नाही. आता मनाने डोस वाढवू नका. मात्र तुम्हाला नुसत्या गर्भनिरोधक गोळ्या दिल्या असतील, तर पॅच किंवा जेलबद्दल एंडोक्रिनॉलॉजिस्टना जरूर विचारा.

आणखी एक. टर्नरमध्ये छातीचा पिंजरा अनेकदा रुंद असतो, त्यामुळे तेवढेच स्तन लहान आणि लांब-लांब दिसतात. दुकानात अंदाजाने ब्रा उचलू नका. टेपने मोजून मोठ्या घेराची, लहान कपची घ्या. मालिशची तेलं, क्रीम म्हणजे पैसे पाण्यात.

इम्प्लांटचा विचार असेल तर तो तुमचा हवा, स्थळाकडच्यांचा नव्हे. त्याआधी हृदयाचा इको आणि महाधमनीची तपासणी हवीच. टर्नरमध्ये तिथे दोष असू शकतात.

छाती वाढत नाही म्हणून गोळ्या मात्र सोडू नका. तुमची हाडं त्यांच्यावरच टिकून आहेत.