बुलेट ट्रेन आली तर मेहकरच्या घरांचा धूर कमी होईल?

प्रश्न : मुंबई-नागपूर बुलेट ट्रेनच्या प्रस्तावात आमच्या मेहकरचं नाव आहे. ती आली तर आमच्या घरामुळे हवेत जाणारा कार्बन घटेल का?
— एक वाचक, मेहकर

उत्तर : तुम्ही आज कशाने जाता, त्यावर ते ठरेल. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, डिझेलचा २.७ किलो. लिटरला १८ किलोमीटर देणारी कार एकट्याने १०० किलोमीटर नेली, तर जवळपास १३ किलो झाले. तेच अंतर भरलेल्या लालपरीने कापलं, तर ४० प्रवासी आणि लिटरला ५ किलोमीटर धरून तुमच्या वाट्याला दीड किलोही येत नाही! एसटीने जाणाऱ्या घरात बुलेट ट्रेनला वाचवण्यासारखं फार उरतच नाही.

शिवाय तिला लागणारी वीज आपल्याकडे अजून मुख्यतः कोळशाची. पारसचं औष्णिक केंद्र तर आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. वेग ताशी १६०वरून ३२० किलोमीटरवर गेला की हवेचा रोध चौपट होतो. पूल-बोगद्यांच्या सिमेंट-पोलादाचा कार्बन आधीच हवेत गेलेला असतो. तो फिटायला वर्षानुवर्षं गाड्या भरून धावाव्या लागतात.

मोठी बचत होते ती विमान सोडणाऱ्यांची. स्पेनमध्ये २००८ साली माद्रिद-बार्सिलोना वेगवान रेल्वे सुरू झाली आणि विमानाचे बरेच प्रवासी तिच्याकडे वळले. आपल्याकडे हा लाभ मुंबई-नागपूरच्या घरांना होईल.

मेहकरात मात्र उलटही घडू शकतं. स्थानक गावाबाहेर पडलं, तर तिथवर जायला गाडी हवी. भोवती प्लॉट पडतील, उत्पन्न वाढेल, एसी येतील. त्यात गैर काहीच नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात गारवा कुणाला नको? पण विजेचं बिल वाढेल तसा घराचा कार्बनही वाढेल. म्हणून छतावर सौर पॅनेल आणि स्थानकापर्यंत वेळेवर एसटी, या दोन गोष्टींची तयारी आधी हवी.

माझं मत विचाराल तर जिल्ह्याने जोर लावावा तो खामगाव-जालना रेल्वेमार्गासाठी. मलकापूर, नांदुरा, शेगावला रेल्वे आहे. चिखली, देऊळगाव राजाकडच्या माणसाला मात्र ती गाठायला आधी रस्ताच धरावा लागतो. विजेवरची साधी गाडी तिथून धावली, तर रोजच्या प्रवासाबरोबर सोयाबीन-कापसाचे ट्रकही रुळांवर येतील. हा फायदा परवडणाऱ्या तिकिटात घरोघर पोहोचेल.