पूरनौकेची जुनी बॅटरी बदलताना

सोनपेठ तालुका गोदाकाठचा. जायकवाडीतून सोडलेले पाणी आणि मंजरथजवळ गोदावरीस मिळणाऱ्या सिंदफणेतून येणारा माजलगाव धरणाचा विसर्ग, दोन्ही याच काठाने पुढे जातात. ऑगस्ट २००६ मधील महापूर गोदाकाठच्या गावांना परिचित आहे. अशा प्रसंगी यांत्रिक बोट हाच आधार असतो आणि ती ऐनवेळी सुरू न होण्यामागे पुष्कळदा जुनी बॅटरीच असते. लहान इंजिने दोरी ओढूनही चालू होतात हे खरे. परंतु रात्रीच्या पुरात शोधदिव्यास दोरी नसते!

बचावाची बोट वर्षातील बहुतेक महिने कोरड्या जागी पडून असते. वापर नसला तरी बॅटरी हळूहळू उतरते, शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे कठीण थर बसतात व मग ती पूर्ववत भारित होत नाही. मराठवाड्यातील उन्हाळा ही झीज वाढवितो. म्हणून दरमहा भारण अगत्याचे होय. भारून रात्रभर ठेवलेल्या बारा व्होल्टच्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असावा. सहा घरांपैकी एखाद्या घरातील आम्लाची घनता इतरांहून ०.०५० ने कमी भरत असेल, तर बॅटरी बदलावी.

बदलण्याचे काम बोट काठावर घेऊन, दिवसाउजेडी व उघड्या हवेत करावे. भारताना हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले तरी स्फोट होऊ शकतो. तेव्हा पेटीचे झाकण आधी उघडून ठेवावे. विडी-काडी दूरच असावी. अंगठी व कडे काढून चष्मा व रबरी हातमोजे घालावेत. सर्व खटके बंद करून प्रथम ऋण तार सोडवावी. ऋण टोक इंजिनाच्या धातूस जोडलेले असते; धन तार आधी सोडविताना पाना त्या धातूस टेकला तर प्रचंड प्रवाह वाहून ठिणगी उडते. नवी बॅटरी बसविताना क्रम उलटा, म्हणजे धन आधी व ऋण शेवटी. आम्ल डोळ्यात गेल्यास निदान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टर गाठावा.

दोन बॅटऱ्या एकत्र जोडलेल्या असल्यास दोन्ही एकाच वेळी बदलाव्यात. जुनी बॅटरी नवीस लवकर खाते. लिथियमची बॅटरी घेतल्यास भारणयंत्रही तिला साजेसे हवे. बॅटरी पट्ट्याने घट्ट आवळावी व धन टोकास रबरी टोपी घालावी.

जुनी बॅटरी भंगारात फोडू देऊ नये, आम्ल नदीत ओतू नये, जाळ्याच्या शिशासाठी ती घरी वितळवू नये. त्या धुराने लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा होते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत संकलनाकडेच द्यावयाची आहे. नव्या बॅटरीवर बसविल्याची तारीख रंगाने लिहावी, आणि मासिक भारणाची नोंद बोटीच्या नोंदवहीत ठेवावी.