ऑनलाइन ऑर्डरची साखळी आपोआप जुळते कशी?

सख्यांनो, म्हसवडच्या बाजारात चटणी विकताना गिऱ्हाईक समोर असतं, भाव तोंडी ठरतो. पुण्याला माल द्यायचा तर गाडी कोणाची, पैसे कधी, हे दहा फोन करून जुळवावं लागतं. ऑनलाइन विक्रीत ही जुळवाजुळव संगणक करतो. कशी, ते या पाठात पाहू.

केंद्र सरकारच्या पुढाकाराने ३१ डिसेंबर २०२१ रोजी 'ओएनडीसी' ही कंपनी स्थापन झाली. ते दुकान नाही, वेगवेगळ्या ॲपना जोडणारं खुलं जाळं आहे. गिऱ्हाईक एका ॲपवर, आपला गट दुसऱ्या ॲपवर, माल पोचवणारा तिसराच. तरी व्यवहार होतो.

साखळी अशी जुळते:

१. पुण्यातली ताई तिच्या ॲपवर 'शेंगदाणा चटणी' शोधते.
२. विचारणा विक्रेत्यांच्या ॲपकडे जाते. तिथून आपल्या मालाचं वजन, भाव तिला दिसतो.
३. दोन्हीकडचे पिनकोड आणि वजन बघून पोचवणारा ठरतो.
४. ॲपची कपात होऊन उरलेले पैसे गटाच्या खात्यात येतात.

यात मधे कोणी फोन करून विचारत नाही. आपण भरलेली माहितीच आपल्या वतीने बोलते. दहिवडीचा पिनकोड ४१५५०८, म्हसवडचा ४१५५०९. एक आकडा चुकला की गाडी भलत्या गावी. माल संपला तरी शिल्लक आकडा बदलला नाही, तर ऑर्डरी येत राहतात, रद्द कराव्या लागतात आणि गटाचं नाव जातं.

आता हिशेब. समजा, पाव किलो चटणीचा भाव १०० रुपये. कच्चा माल, मजुरी, बरणी ७२, खोकं ८, ॲपची कपात १०. हातात राहिले १० रुपये. एक बरणी फुटून परत आली तर ८० रुपये बुडाले, म्हणजे आठ बरण्यांचा नफा गेला. परतीचं भाडं वेगळंच. म्हणून भाव बाजारातला नको, ही कपात धरून ठरवा.

कागदपत्रं: खाद्यपदार्थाला एफएसएसएआय नोंदणी हवीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांना ऑनलाइन माल विकता येतो, पण राज्यातल्या राज्यातच. त्यासाठी जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

पुढच्या बैठकीत तीन गोष्टी ठरवा:

• रोज शिल्लक कोण तपासणार?
• पॅकिंग कोण करणार आणि किती वेळात?
• परत आलेल्या मालाचा तोटा कसा वाटायचा?

उत्तरं ठरावबुकात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. मगच ॲपवर गटाचं नाव घाला.