लिनक्स संगणकाचा कळफलक : दोष शोधण्याची क्रमवार पद्धती

ग्रामपंचायतीचे दाखले, शाळेतील नोंदी व कार्यालयीन पत्रव्यवहार आता संगणकावर होतो. अशा वेळी कळफलक अचानक बंद पडला, की दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थास रिकाम्या हाती परतावे लागते. पुष्कळदा तो कळफलक नादुरुस्त ठरविला जातो आणि नव्या खरेदीचा प्रस्ताव तयार होतो. वस्तुतः दोष कळफलकातच असेल असे नाही. लिनक्स प्रणालीच्या संगणकास बाहेरून जोडलेला कळफलक क्रमाने तपासल्यास खरे कारण ध्यानात येते.

प्रथम जोडणी

यूएसबीची पिन काढून ती दुसऱ्या खाचेत, मधला हब वगळून, थेट बसवावी. कळफलक बिनतारी असल्यास त्याचे सेल बदलून पाहावेत. नंतर कॅप्स लॉकची कळ दाबावी. यूएसबी कळफलकावरील हा दिवा संगणकाच्या आज्ञेने लागतो. म्हणून तो लागला व विझला, तर संदेशाच्या जाण्यायेण्याचा मार्ग शाबूत आहे, असे समजावे. दिवा लागत नसेल, तर तोच कळफलक दुसऱ्या संगणकास लावून पाहावा. तेथे तो चालला, तर दोष पहिल्या संगणकात आहे.

प्रणालीची साक्ष

लॅपटॉपच्या मूळ कळफलकावरून, अथवा माऊसने पडद्यावरील कळफलक उघडून, टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा लहान इंग्रजी अक्षरांत सलग लिहून द्यावी. जोडलेल्या उपकरणांची यादी येते. बाहेरचा कळफलक काढून एकदा व लावून एकदा, अशी ही यादी दोनदा घ्यावी. दुसऱ्या वेळी एक ओळ वाढली, तर संगणकाने उपकरण ओळखले आहे. न वाढल्यास तार, खाच वा कळफलक यांतच बिघाड शोधावा.

दोषासारखे भासणारे प्रकार

उपकरण ओळखले जाऊनही अक्षरे उमटत नसतील, तर ‘स्लो कीज’ ही सुविधा पाहावी. ती चालू असता कळ काही क्षण दाबून धरल्याविना अक्षर उमटत नाही. हात कापणाऱ्या व्यक्तींसाठी केलेली ही सोय काही संगणकांवर शिफ्टची कळ सुमारे 8 सेकंद दाबली गेल्यास आपोआप चालू होते. सेटिंग्जमधील सुगम्यता विभागातून ती बंद करता येते.

दुसरा प्रकार मांडणीचा. इनस्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी ‘के’च्या कळीवर ‘क’, तर ‘एच’च्या कळीवर ‘प’ येतो. मराठी मांडणी निवडलेली राहिली, तर बरोबर टंकलेला इंग्रजी पासवर्डही नाकारला जातो. पडद्याच्या कडेला दिसणारे भाषेचे चिन्ह पाहून मांडणी बदलावी.

प्रत्येक तपासणीची तारीख, आढळलेले कारण व केलेला उपाय साठानोंदवहीत लिहून ठेवावा. असे केल्यास पुढील वेळी शोध लवकर लागेल आणि चांगली वस्तू निर्लेखित होणार नाही. शिवाय, दाखल्यासाठी आलेल्या माणसाचा हेलपाटाही वाचेल.