शाळेची सूत्रं हाती घेताना

चि. मनू,


मुख्याध्यापिका झाल्याबद्दल अभिनंदन फोनवर केलंच आहे. हे पत्र कामाचं. तू विचारलंस, ‘मामा, शिक्षक एकमेकांशी धड बोलत नाहीत, त्यांना एकत्र कसं आणू?’ भाषणं करून ते होत नाही. वेळापत्रक, लॉगबुक आणि शिक्षक सभा या तुझ्या रोजच्या तीन गोष्टींतूनच ते होतं.

वेळापत्रकापासून सुरुवात कर. नव्यानं लागलेल्या शिक्षणसेवकाच्या गळ्यात शेवटची तुकडी मारायची आणि ज्येष्ठांनी ‘अ’ तुकडी धरून ठेवायची, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञानं 1977 मध्ये मांडलं, की ‘हे मला जमेल’ हा विश्वास मुख्यतः स्वतः केलेलं काम जमल्यानं येतो. आपल्यासारख्या दुसऱ्याला ते जमताना पाहूनही येतो. भरवशाच्या माणसाचे शब्द त्याला बळ देतात, पण ते एकटे पुरत नाहीत. तेव्हा पहिल्या वर्षी नव्या माणसाला जमेल असं काम दे. अवघड तुकडी अनुभवी शिक्षकाला दे, आणि त्याच्या तासाला नव्याला मागे बसू दे.

एका विषयाच्या शिक्षकांना आठवड्यातून एक तासिका एकाच वेळी मोकळी ठेव. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास धरले आहेत आणि त्यात तयारीचा वेळ मोजला आहे. म्हणजे एकत्र बसून टाचण काढणं हे कामच आहे, सवलत नव्हे. कुणी रजेवर गेलं की पहिली कुऱ्हाड याच तासिकेवर पडते. तेव्हा बदली तासिकेला तू स्वतः वर्गावर जा. महिन्यातून दोनदा गेलीस तरी त्या मोकळ्या तासिकेचं महत्त्व सगळ्यांना कळेल.

पाठ पाहायला सांगून जा आणि पूर्ण तासिका बस. आधी समोरासमोर बोल, मग लॉगबुकात लिही. ‘अध्यापन समाधानकारक’ या शेऱ्यानं कुणाचं काही सुधारत नाही. ‘अपूर्णांकांच्या बेरजेत मुलीनं छेदात छेद मिळवला, ती चूक तुम्ही फळ्यावर घेऊन वर्गाकडूनच दुरुस्त करून घेतलीत’ असं लिहिलंस, तर त्या शिक्षिकेला आपलं नेमकं काय साधलं ते समजेल. उणीवही इतकीच नेमकी सांग, पण चार भिंतींच्या आत. गोपनीय अहवालात कुणाला अनपेक्षित असं काही वाचायला मिळू नये. वर्षभरात ते बोलून झालेलं असावं.

पालक तावातावानं आले, की शिक्षकाला त्यांच्यासमोर बोलावून झापायचा मोह होतो. संस्थाचालक शेजारी बसलेले असले तर जास्तच. तो टाळ. पालकांचं ऐकून घे, शिक्षकाचं स्वतंत्रपणे ऐक, मग निर्णय दे. एकाला चारचौघांत अपमानित केलंस, तर बाकीचेही दुसऱ्या दिवसापासून अडचणी लपवू लागतात. मात्र मुलावर हात उगारला असेल, तर पाठीशी घालू नकोस. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना कायद्यानं बंदी आहे.

शिक्षक सभेत परिपत्रकं वाचत बसू नकोस, ती सूचना वहीत फिरव. सभेला एकच प्रश्न ठेव: आठवीतल्या कोणत्या मुलांना अजून सलग वाचता येत नाही आणि त्यांच्यासाठी कोण काय करणार? सर्वांत तरुण शिक्षकाला आधी बोलू दे; तू शेवटी बोल. तू आधी बोललीस तर सभा तुझ्याच मताला माना डोलावेल. कुणी ‘मला हे शिकवायला जमत नाही’ म्हणालं, तर त्याला उपदेश करण्याआधी ‘हे कुणाला जमलंय?’ असं इतरांना विचार.

आणि दहावीच्या निकालानंतर सत्कार करशील, तेव्हा त्याच मुलांना पाचवीत वाचायला शिकवणाऱ्या बाईंनाही व्यासपीठावर बसव. निकाल एकट्या दहावीच्या शिक्षकांचा नसतो, हे शाळेला दिसलं पाहिजे.

हे सगळं एकदम होणार नाही, घाईही करू नकोस. पण जूनचं वेळापत्रक आखायला बसशील, तेव्हा ती सामायिक मोकळी तासिका सर्वांत आधी टाक आणि बाकीचं तिच्याभोवती बसव.

तुझा,
मामा